कांदाचाळ आणि सहादेवचा फेटा

कांदाचाळ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, अशा सुखी माणसांसाठी आधी थोडं सांगतो. जमिनीपासून दोन फूट उचललेली, बाजूंनी उघडी, वरून पत्रा, अशी एक लांबलचक खोली असते. तिच्यात उन्हाळ कांदा भरायचा आणि भाव चढायची वाट बघत बसायचं. आमच्या भागात माणूस पंख्याशिवाय झोपेल, पण कांद्याला चारी बाजूंनी वारं लागलंच पाहिजे. ही चाळ बांधायला सरकार अनुदान देतं. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा आपला, आणि मनस्ताप सगळा आपला. यातली शेवटची अट अर्जात छापलेली नसते.

मी संगमनेरला एका कॉलेजात एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. अर्जातली चूक मला लांबून वासावर कळते. वडिलांच्या नावातला एक काना राहिला म्हणून मी पोरांना पारनेरपर्यंत परत पाठवलेलं आहे. त्यामुळे निवृत्त झाल्यावर, कोल्हारच्या पुढे असलेल्या आमच्या दीड एकरासाठी मी अनुदानाचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा माझ्या मनात एकच काळजी होती. इतका बिनचूक अर्ज बघायची त्या लोकांना सवय असेल का?

सोडतीत माझा नंबर लागला. पूर्वसंमतीचं पत्र आलं. वीस मेच्या आत चाळ बांधून, तपासणी होऊन, फोटो पोर्टलवर चढला पाहिजे, नाहीतर संमती रद्द. पैसे मात्र आधी आपण घालायचे, मग सरकार देणार. इथं आमच्या सौभाग्यवतींचा प्रवेश होतो. तिनं सात वर्षं भिशी लावून स्वयंपाकघराच्या ओट्याला ग्रॅनाइट बसवण्यापुरते पैसे साठवले होते. ते मी मागितले.

"परत कधी?" तिनं विचारलं.

"दोन महिन्यांत. सरकारचा शब्द आहे."

"सरकारचा राहू द्या. तुमचा आहे का?"

मी दिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी शब्द म्हणून कुणाला दिला नव्हता, फार तर पोच दिली होती. पण तिच्या कडप्प्याच्या फुटक्या ओट्याकडे बघून दिला.

चाळ बांधायला घेतली आणि सल्ले यायला लागले. गावात घर बांधताना माणूस एकटा असतो, चाळ बांधताना सगळं गाव गवंडी होतं. शेजारच्या मळ्यातले नूरुद्दीनभाई कांद्याचे जुने व्यापारी. ते रोज सकाळी मोटरसायकल लावून उभे राहायचे. "सर, चाळीचं त्वांड बदला. असं ठिवलं तर सगळं ऊन कांद्याला लागंल." तोंड बदललं. दुसऱ्या दिवशी आक्काबाई शेळ्या घेऊन तिथून गेली आणि म्हणाली, "अगं बया, त्वांड हिकडं? मंग वारं कुठनं यायचं?" पुन्हा बदललं. खांबांचे खड्डे तीनदा बुजवल्यावर गवंड्यानं मला विचारलं, की चाळ बांधायची आहे का नुसती फिरवायची आहे.

या सगळ्या काळात बांधापलीकडे एक माणूस रोज गाडीच्या सीटवर बसून आमच्याकडे बघत असायचा. तो सहादेव, माझा सख्खा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा. आमचं बोलणं अकरा वर्षांपासून बंद होतं, त्यामुळे तो नुसता बघायचा आणि मीही तो बघत नाही असं बघायचो. वीस दिवस हे चाललं.

चाळ उभी राहिली. खरंच देखणी झाली होती. कांदा काढून शेतात पातीखाली झाकून ठेवला होता, कारण तपासणीला चाळ रिकामी लागते. तपासणीला कृषी सहायक दिशा मॅडम आल्या. आमच्या मुलीपेक्षा, धनश्रीपेक्षा लहान, उन्हानं लाल झालेल्या, हातात दोन मोबाईल. एकावर चाळीचा फोटो, दुसऱ्यावर गावाचा नकाशा. त्यांनी मला चाळीपुढे उभं केलं आणि बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिल्या.

"सर, जरा तुमच्या शेतात उभे राहता का?"

"उभाच आहे की."

"नाही सर. तुमचा सातबारा गट दोनशे बाराचा आहे. तुम्ही आत्ता दोनशे चौदामध्ये उभे आहात."

"मग ते कुणाचं आहे?"

त्यांनी मोबाईल जवळ धरून वाचलं. "सहादेव बाबुराव."

माणसाच्या पायाखालची जमीन सरकते असं म्हणतात. माझ्या पायाखालची जागच्या जागी राहिली, नुसती मालक बदलून. मी म्हटलं, नकाशा चुकला असेल. मॅडम म्हणाल्या, तिन्ही बाजूंनी तपासलाय. तेवढ्यात नूरुद्दीनभाई आले. त्यांनी ऐकलं आणि ते माझ्याकडे असे बघू लागले, जसा मी काना राहिलेल्या पोरांकडे बघायचो.

"सर, तुमाला म्हाईत न्हवतं? आवो, तुमच्या वडलांनी आन् सहादेवच्या वडलांनी रानं बदलून घेतली हुती. तुमचं खरं रान हिरीकडचं, हे सहादेवचं. हिरीकडं जायाला चढ, तुमच्या वडलांच्या बैलांना सोसंना. मंग बसले दोगं लिंबाखाली, च्या पिला आन् बदललं."

"कागद?"

"भावाभावात कसला कागद, सर!"

गावातल्या शेळीलाही ठाऊक असलेली ही गोष्ट, गट नंबर वाचता येणाऱ्या एकट्या मला ठाऊक नव्हती. माझ्या नावाचा सातबारा मी चार वेळा वाचला होता. त्यावर नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, काना-मात्रा बरोबर. जमीन कुठली, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ऑफिसात आम्ही अर्ज तपासायचो, अर्जदार नव्हे.

दिशा मॅडम भल्या बाई. त्यांनी वाट सांगितली. अशा तोंडी अदलाबदली कागदावर आणायला सरकारची योजना आहे. तलाठ्यानं जागेवर येऊन पंचनामा करायचा, शेजाऱ्यांनी सांगायचं की रानं कधीपासून कोण कसतं, आणि दोघा भावांनी सह्या करायच्या. त्यात एक ओळ असते: उभय पक्षांत कोणताही वाद नाही. त्याची नोंद झाली की अर्जातला गट दुरुस्त होईल. "फक्त वीस मेच्या आत करा, सर. आणि त्यांना राजी करा."

आता अकरा वर्षांपूर्वीचं सांगणं भाग आहे. धनश्रीचं लग्न कोल्हारला होतं. मानाच्या फेट्यांची यादी मी स्वतः केली होती. पस्तीस माणसं, पस्तीस फेटे. एक जास्त आणला की दहा जास्त लागतात, हा माझा स्टेशनरीचा अनुभव. चौतीस डोकी बांधून झाली, पस्तिसावा सहादेव, मुलीचा थोरला चुलता, खुर्चीत बसलेला. तेवढ्यात दारात आमचे प्राचार्य उतरले. ते येणार नाहीत असं कळवलं होतं. मी घाबरून हातातला फेटा त्यांच्या डोक्यावर दिला आणि सहादेवला पांढरी टोपी आणि उपरणं दिलं. म्हटलं, आपलाच माणूस आहे, समजून घेईल. त्यानं ती टोपी खिशात घातली, जेवणाची पंगत ओलांडली आणि बायकोला, छबूवहिनींना, घेऊन बोडक्या डोक्यानं घरी निघून गेला. मला वाटलं, चार दिवसांत राग जाईल. गेला नाही. मग मलाही राग आला, की याचा राग जात कसा नाही. अशी अकरा वर्षं झाली.

आता त्याच्या सहीवर आमच्या सौ.चा ओटा अडकला होता. गावानं सल्ला दिला. कुणी म्हणालं, सहादेव चाळ ठेवून घेईल. कुणी म्हणालं, बांधाकडचे दोन गुंठे मागेल. नूरुद्दीनभाई म्हणाले, "सर, काय बी मागू द्या, हो म्हना. आवकाळीचं आभाळ यायलंय, कांदा रानात हाय." घरात सौ. नुसती ओट्याच्या फुटक्या कोपऱ्यावर पोळ्या लाटत होती, आणि तो आवाज मला दिवाणखान्यात ऐकू येत होता.

मी गेलो. सहादेव पडवीत बसला होता. छबूवहिनींनी पाणी दिलं, पदरानं तोंड लपवून हसल्या आणि आत गेल्या. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं, हे कुठल्याच नमुना अर्जात दिलेलं नसतं.

"मी तुझ्या जागेत चाळ बांधली," मी म्हटलं.

"बगितलं की म्या. ईस दिस बगत हुतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

सहादेवनं खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं. "बोलनं बंद हुतं ना आपलं!"

त्याचं म्हणणं नियमानं बरोबर होतं. मी म्हटलं, सही पाहिजे, तू म्हणशील ते देतो. दोन गुंठे म्हणालास तरी चालेल.

"मला तुजं गुंठं काय करायचं? फेटा बांद."

"काय?"

"त्या दिशी ज्यांच्यासमोर टोपी दिलीस ना, त्या समद्यांसमोर फेटा बांद. त्येवडी मान्सं बोलव. मंग म्हन तिथं सही करतो."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं, कारण सहादेव हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. साठी उलटलेला माणूस, दोन एकर ऊस, शिवारात शब्दाला वजन, आणि अकरा वर्षं त्याच्या मनात ती एक खुर्ची रिकामी राहिली होती. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. पण रस्त्याला लागेपर्यंत लाजेचं हिशेबात रूपांतर झालं, कारण चौतीस माणसं बोलवायची म्हणजे त्यांना नुसतं उन्हात उभं करून चालणार नव्हतं.

एका माणसाला फेटा बांधायचा आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, असं आमच्याकडे होत नाही. म्हणजे सगळ्यांनाच फेटे. फेटे म्हणजे जेवण. जेवण म्हणजे मांडव. चाळ रिकामीच होती, तेव्हा मांडवाचं काम तिच्यावर भागलं. चौतिसातले चौघं देवाघरी गेले होते, त्यांच्या मुलांना बोलावलं. सहादेव धरून पस्तीस. त्याच दिवशी तलाठी पंचनाम्याला येणार, छत्तीस. दिशा मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सर, मला टोपीच बरी, उन्हाची." मी यादी तीनदा तपासली. प्राचार्यांना कळवलंच नाही. ते निवृत्त होऊन पुण्याला गेले होते, तरी मी मनातून त्या रस्त्यावर लक्ष ठेवून होतो.

"चाळीस आणा," सौ. म्हणाली.

"छत्तीस. यादी आहे माझ्याकडे."

"मागच्या वेळीही यादीच होती."

मी छत्तीसच आणले. माणूस अकरा वर्षांत सुधारतो, पण हेडक्लार्क सुधारत नाही.

सोळा मेला सगळे आले. फेटे बांधायला नूरुद्दीनभाईंचा आसिफ. त्याचा हात इतका चपळ, की बोलता बोलता डोकं तयार. चाळीच्या सावलीत ओळीनं केशरी फेटे दिसायला लागले. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "नवरी कोन हाय, सर?" मी चाळीकडे बोट दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि तो आहेराचं पाकीट काढायला लागला.

पस्तीस डोकी झाली. सहादेव मुद्दाम शेवटी बसला होता, लोखंडी खुर्चीत, हात मांडीवर. आसिफनं छत्तिसावा फेटा उलगडला. तेवढ्यात धूळ उडवत एक जीप आली. तलाठी लगबगीनं पुढे धावले. "सर, मंडळ अधिकारी साहेब! पंचनामा तेच तपासणार, म्हणून स्वतः आलेत."

साहेब उतरले. अंगानं भारदस्त, डोक्यानं मोकळे. पस्तीस फेट्यांवरून त्यांची नजर फिरली आणि आसिफच्या हातातल्या कापडावर थांबली. आसिफ माझ्याकडे बघायला लागला. सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. सहादेव मात्र बघत नव्हता. तो खाली मातीत बघत होता, आणि त्याचा एक हात हळूहळू खिशाकडे जात होता. त्या खिशातून लग्नातल्या टोपीची कड दिसत होती. त्यानं ती बरोबर आणली होती. म्हणजे माझा त्याला पुरता अंदाज होता.

माझ्या डोळ्यांपुढून ओटा गेला, पंचनामा गेला, वीस मे गेली. सगळं त्या एका मोकळ्या डोक्याच्या मर्जीवर होतं. आणि मी माझ्या आयुष्यातलं पहिलं बेकायदेशीर वाक्य बोललो.

"आसिफ, साहेबांना खुर्ची दे. फेटा सहादेवचा आहे. आण इकडे, मी धरतो."

फेट्याचं एक टोक मी धरलं आणि आसिफनं बांधला. टोक मी फायलीच्या नाडीसारखं ओढून धरलं, त्यामुळे शेमला थोडा वाकडा आला. कुणीतरी टाळी वाजवली. छबूवहिनी रडल्या. सहादेव उठला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बसला. मग मी भीत भीत साहेबांकडे वळलो.

"साहेब, माफ करा, एक कमी पडला."

"सुटलो बुवा," साहेब म्हणाले. "आठवड्यात तीन सत्कार असतात. डोकं ठणकतं. ताक आहे का?"

ताक आलं. तलाठ्यांनी पंचनामा वाचला. रानं कोण कसतं ते शेजाऱ्यांनी एका सुरात सांगितलं. "उभय पक्षांत कोणताही वाद नाही," तलाठ्यांनी वाचलं, आणि सहादेवनं सही केली. मग मी केली. सही करताना इतकं हलकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं, आणि एकतीस वर्षांत मी काही थोड्या सह्या केल्या नाहीत.

"आता चाळीचा फोटो," दिशा मॅडम म्हणाल्या. "लाभार्थी या पुढे."

मी पुढे झालो. मॅडमनी मोबाईल खाली घेतला. "सर, तुमचा फेटा?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लग्नात मला फेटा व्याह्यांनी बांधला होता, म्हणून मी यादीत नव्हतोच. ती यादी मी तीनदा तपासली होती आणि तिन्ही वेळा ती बिनचूक होती. केशरी डोक्यांच्या त्या समुद्रात माझं एक टक्कल उन्हात चमकत होतं. आधी आक्काबाई हसली, मग नूरुद्दीनभाई, मग सगळेच. सौ.नं तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलत होते. मला त्या वेळी कळलं, भर मंडपात आपलं एकच डोकं मोकळं असलं की कसं वाटतं. अकरा वर्षं उशिरा, पण पक्कं कळलं.

सहादेव माझ्यापुढे येऊन उभा राहिला. खिशातून त्यानं ती पांढरी टोपी काढली, घडीवर पिवळी पडलेली. मी डोकं पुढे केलं. म्हटलं, हक्क आहे त्याचा. पण त्यानं त्या टोपीनं फक्त आपल्या कपाळावरचा घाम पुसला आणि ती परत खिशात घातली. मग स्वतःचा फेटा सोडायला लागला.

"अरे, काय करतोस! आत्ता तर बांधला."

"बांदला ना? समद्यांनी बगितला ना? झालं माजं." त्यानं बायकोला हाक मारली. "ए, कांद्याचा इळा आन."

छबूवहिनींनी पात कापायचा विळा आणला. सहादेवनं कापड मधोमध धरलं, निदान तो तसं म्हणाला, आणि एका झटक्यात फेट्याचे दोन तुकडे केले. त्यातला एक माझ्या हातात दिला.

"ही वाटनी तरी कागदावर घे बाबा," तो म्हणाला, आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा हसला.

आसिफनं आम्हा दोघांना बांधले. अर्ध्या कापडात फेटा होत नाही, फार तर मुंडासं होतं. आम्ही दोघं चाळीपुढे उभे राहिलो आणि मॅडमनी फोटो काढला. त्याच संध्याकाळी सहादेवच्या पोरांनी आणि पाहुण्यांनी मिळून आमचा सगळा कांदा चाळीत भरून टाकला. फेटे काढायला कुणाला सवडच झाली नाही. रात्री पाऊस आला तेव्हा शेतात नुसती पात होती.

पोर्टलनं फोटो एकदा परत पाठवला. शेरा होता, दोघांपैकी लाभार्थी कोण ते स्पष्ट होत नाही. मला तो शेरा आवडला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या शेऱ्याला उलट उत्तर लिहिलं नाही. दिशा मॅडमनी माझ्या डोक्यावर बाण काढून तो पुन्हा चढवला. अनुदान दिवाळीच्या सुमाराला आलं. फेटे, जेवण आणि ताक वजा जाता ग्रॅनाइट अर्ध्या ओट्याला पुरलं. उरलेला अर्धा कडप्प्याचाच आहे. पोळ्या ग्रॅनाइटवर लाटतात आणि माझा चहा कडप्प्यावर होतो.

फोटो सौ.नं दिवाणखान्यात लावला आहे. सहादेव आला की त्याच्याखालीच बसतो. नीट बघितलं तर दिसतं, की त्याचा शेमला कमरेपर्यंत आलेला आहे आणि माझा खांद्यावरच संपलाय. कापड मधोमध कापलेलं नव्हतं. त्याचा तुकडा चांगला वीतभर मोठा आहे, मी पट्टी लावून बघितलं. पण मी अजून त्याला काही बोललेलो नाही.